वर मेथीची जुडी

भिंतीवरचा खिळा जागेवर होता, फोटो नव्हता.

सिंधुबाईंनी अंगातला कोट काढायच्या आधीच ते पाहिलं. ग्लासगोहून मिल्टन कीन्सपर्यंतच्या प्रवासाने त्यांचे गुडघे धरले होते, पण घरातलं काय हललंय हे बघायला म्हाताऱ्या माणसाला गुडघे लागत नाहीत. बुद्धांची तसबीर होती तिथेच होती. तिच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो असायचा. मुलाने हे घर घेतलं तेव्हा सिंधुबाईंच्या यजमानांनी, हरिदासांनी, तो स्वतः लावला होता. हरिदासांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आता त्या जागी रंगाचा एक उजळ चौकोन तेवढा उरला होता.

"काऊन रे राजू, बाबासाहेब कुठं गेले?"

"वर ठेवलाय फोटो, आई. फ्रेम ढिली झाली होती."

"आजच ढिली झाली?"

राजेंद्रने कानाची पाळी चोळली. बावन्न वर्षांचा झाला, ऑफिसात अर्धा मजला त्याच्या हाताखाली, पण आईशी खोटं बोलताना लहानपणची ही खोड काही सुटली नव्हती. आज दुपारी हॅरोहून पाहुणे येणार होते. त्याच्या मुलीचं, मनालीचं, ज्याच्याशी जमलं होतं त्या अवधूतचे आईवडील, पुरुषोत्तम आणि स्वाती. लग्नाचं सगळं आज ठरायचं होतं. माणसं चांगली होती, शिकलेली होती, "आम्ही जात मानत नाही" असं पहिल्याच भेटीत त्यांनी दोनदा सांगितलं होतं. दोनदा कशाला सांगावं लागलं, याचा विचार राजेंद्रने मुद्दाम केला नव्हता.

सिंधुबाईंनी पिशवीतून थंडगार, गोल, जड पुडकं काढून टेबलावर ठेवलं.

"आणि हे?" राजेंद्र दचकला.

"हे काय! हॅगिस. आज सेंट अँड्र्यूज डे ना, आपल्या स्कॉटलंडचा सण? तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांत एकदा तरी चुकवला का?"

"आई, आज नको ना. ती माणसं... त्यांना मटण-चिकन चालतं, पण हे म्हणजे मेंढीचं काळीज, फुप्फुस, पोट. मी गॅरेजच्या फ्रिजमध्ये ठेवतो. रात्री आपण खाऊ."

आणि खरंच त्याने ते पुडकं उचलून गॅरेजमध्ये नेलं, वर फ्रोझन मटारची मोठी पिशवी टाकली. सिंधुबाई दारातून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण मटाराची ती पिशवी त्यांच्या मनात अशी काही रुतली की पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

स्वयंपाकघरात भावना वांगी भाजत होती. ही राजेंद्रची बायको, सासूसारखी नागपूरचीच, पण स्वभावाने भांडण दिसलं की आधी बाजूला होणारी. मनाली ओट्यावर बसून आजीला लसूण सोलून देत होती. ती ग्लासगोत वाढली, मधली काही वर्षं आईवडिलांबरोबर इकडे राहिली, आणि पहिली संधी मिळताच आजीकडे पळाली. तिथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. तिचं मराठी आजीचं, उच्चार ग्लासगोचे आणि व्याकरण देवाच्या भरवशावर.

"आजी, अवधूत आज सांगणार आहे," ती हळूच म्हणाली.

"काय सांगणार?"

"की तो हॅगिस खातो. तुझ्याकडे येऊन. तीन वर्षं! प्रॉमिस केला आहे मला. लहान गोष्ट वाटते ना? पण मला नाही वाटत."

सिंधुबाईंनाही ती लहान वाटत नव्हती. अवधूत पहिल्यांदा त्यांच्या फ्लॅटवर आला तेव्हा त्यांनी हॅगिस फोडून कांदा-लसूण-काळ्या मसाल्यावर परतलं होतं, बरोबर ज्वारीची भाकरी. पोराने आधी वास घेतला, मग घास घेतला, मग तीनदा वाढून घेतलं. पुढे तर "आजी, शनिवारी येतोय" असा मेसेज आला की त्या खाटकाकडे जाऊन यायच्या. गुणी मुलगा. फक्त जेवण झालं की बाथरूममध्ये जाऊन दात घासायचा आणि मगच आईला व्हिडिओ कॉल लावायचा. आईला फोनवरून वास येतो की काय!

"मोठं पातेलं कुठं आहे?" सिंधुबाईंनी एकदम विचारलं.

मनालीने आईकडे बघितलं. भावना वांगं सोलता सोलता थांबली. नवऱ्याने काय कुठे लपवलंय हे तिला चांगलं माहीत होतं.

"वरच्या कपाटात आहे, आई," ती म्हणाली. "काढून देते. आणि गॅरेजची किल्ली दाराच्या मागे आहे."

पाहुणे आले, गाडी अवधूतच चालवत होता. सिंधुबाई "जय भीम" म्हणाल्या, स्वाती "नमस्कार, आजी" म्हणाली. पुरुषोत्तमांनी सिंगल माल्टची बाटली राजेंद्रच्या हातात दिली.

"घ्या! तुमच्या देशाचं तीर्थ. स्कॉटलंडने जगाला दिलेली एकमेव चांगली गोष्ट."

"आमच्या घरात कोणी घेत नाही हो," सिंधुबाई हसून म्हणाल्या. "पंचशील आहे ना."

"अरेच्चा! स्कॉटिश आणि दारू नाही? मग चिक्कूपणा तरी आहे की नाही?" पुरुषोत्तम स्वतःच्या विनोदावर मोकळेपणाने हसले. माणूस वाईट नव्हता. एकदा विनोद सुचला की तो गिळणं त्यांच्या तब्येतीला मानवत नसे, इतकंच. "म्हणे ना, स्कॉटिश माणूस घड्याळ रात्री बंद करतो, झिजू नये म्हणून! आणि ते घागरे? थंडीत खालून वारा—"

"हे नेसायचे," सिंधुबाई म्हणाल्या.

"कोण?"

"मनालीचे आजोबा. दर चौदा एप्रिलला. किल्ट, वर निळा टाय. म्हणायचे, सिंधू, आपला झेंडा निळा, यांचाही निळा, वेगळं काय घालू?"

पुरुषोत्तमांनी घसा साफ केला आणि पाणी मागितलं.

स्वातीचं लक्ष मात्र गप्पांत नव्हतं. तिचा नवा लोकरी कोट भावनाने स्वयंपाकघराच्या दाराशीच खुंटीला अडकवला होता. हॅरोच्या घरी स्वातीचा नियम कडक होता: फोडणी द्यायच्या आधी घरातले सगळे कोट वरच्या खोलीत, दार बंद. या देशात आली तेव्हा पहिल्याच नोकरीत तिने दुपारी ऑफिसात डबा गरम केला आणि शेजारच्या बाईने एक शब्द न बोलता खिडकी उघडली होती. बावीस वर्षं झाली, पण ती खिडकी स्वातीच्या डोक्यात अजून उघडीच होती. आणि आता त्या दारातून कसलासा जड, मसालेदार, मांसाचा वास येत होता. ती उठली आणि कोट आणून मांडीवर घेऊन बसली.

"आपण थीम बघूया का?" तिने फोन पुढे केला. "मी त्या वेडिंग प्लॅनरकडून करून घेतलंय. हायलँड थीम! मनाली ग्लासगोची, किती क्यूट ना? हा बॅगपाइपवाला, हे चौकड्यांचं टार्टन, अवधूत किल्टमध्ये. आणि तुमच्यासाठी खास, हे बघा, बुद्धा! पाण्यात फुलं, मेणबत्त्या. किती पीसफुल."

फोन हातोहात फिरला. सिंधुबाईंनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"ही मागे बाटल्यांची मांडणी कसली?"

"तो बार आहे आजी. बुद्धा एन्ट्रन्सला, बारच्या बाजूला."

भावनाने फोन घेतला, बघितला आणि उलटा टेबलावर ठेवला. राजेंद्र घाईघाईने म्हणाला, "जागा बदलता येईल. ती काही मोठी गोष्ट नाही."

"जेवण मात्र प्युअर व्हेज ठेवायचं," स्वाती म्हणाली. "माझी आई येणार पुण्याहून. तिचं वय बघता..."

"ठेवू की," सिंधुबाई म्हणाल्या. "आईंसाठी वेगळी पंगत, वेगळी भांडी, मी स्वतः उभी राहून वाढेन. बाकीच्यांना आमच्याकडचं."

"आमच्याकडचं म्हणजे?"

उत्तर मनालीने आणून ठेवलं. मोठ्या थाळ्यात वाफाळतं हॅगिस, त्यावर कोथिंबीर, एका कडेला कुस्करलेला बटाटा, दुसऱ्या कडेला सलगम, आणि फडक्यात भाकऱ्या. शेजारी भरीत, वरणभात. राजेंद्रने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायकोने नजर चुकवली नाही, हे त्याला जास्त लागलं.

"बाप रे!" पुरुषोत्तम खुर्ची सरकवत म्हणाले. "हे ते पोटात भरलेलं? मी वाचलंय याच्याबद्दल. जगात या लोकांइतकं भयंकर खाणं कुणाचं नाही. असलं खातं कोण हो?"

"तुम्ही मटण खाता ना?" भावनाने विचारलं.

"मटण वेगळं."

"मेंढी एकच असते, पुरुषोत्तमराव. तुम्ही तिचा एक भाग खाता, बाकीचा कोणाकडे जायचा?"

भावना असं बोलेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. ती परत वरण ढवळू लागली.

स्वातीने नाकाशी रुमाल धरला होता. तिला कोणाचा अपमान करायचा नव्हता, हे खरंच. पण माणूस घाबरला की सभ्यपणा आधी सुटतो. "खाणाऱ्यांनी खावं, आमचं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण आमच्या अवधूतला हे जमायचं नाही. त्याला या वासानेच मळमळेल. लहानपणापासून तसाच आहे तो. हो ना रे?"

मनालीच्या हातात वाढायचा चमचा होता. ती तो तसाच धरून अवधूतकडे बघत राहिली. भावना बघत होती, राजेंद्र बघत होता. सिंधुबाई मात्र मुद्दाम भाकरीच्या फडक्याकडे बघत होत्या, पोराला लाज वाटू नये म्हणून.

अवधूतने पाण्याचा ग्लास उचलला. "हं," तो म्हणाला.

एवढंच. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. हं!

मनालीने चमचा थाळ्यात ठेवला. सिंधुबाईंना तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. तीन वर्षं आपल्या हातचं खाल्लेल्या पोराचा त्यांना राग आला, आणि राग आला की त्यांची भाषा चाळीस वर्षं ओलांडून थेट नागपूरला जायची.

"स्वातीताई, एक सांगतो तुमाले. माझी माय बाजारातून वजडी, म्हंजे पोट-आतडं, आणे ना, तर पिशवीत खाली वजडी अन् वर मेथीची जुडी. रस्त्यात कोणी विचारलं तर म्हणायचं, भाजी हाय. का? तर आमी वजडी खातो म्हणून आमी कोण, ते लोकायले कळे. घरी आलं की दार लावून शिजवायचं, खिडकीले गोणपाट. लेकरायले सांगायचं, शाळेत हात हुंगू देऊ नका कोणाले."

त्यांनी भाकरीचं फडकं सरळ केलं.

"मग यायच्यासंग ग्लासगोले आलो. पहिल्याच हिवाळ्यात खाटकाचं दुकान पाहिलं. काचेत, अगदी समोर, हे ठेवलेलं! अन् वर झेंडा टोचलेला. मी विचारलं यात काय काय हाय? तो बाप्या छाती काढून सांगे, काळीज, फुप्फुस, पोट, ओट्स. मी तिथंच उभ्या उभ्या रडलो. हे म्हणे, सिंधू, काय झालं? मी म्हटलं, अहो, आपल्याकडे ज्याले जात म्हणतात, त्याले इथं राष्ट्राचं जेवण म्हणतात." त्यांनी पदराने नाही, चक्क टेबलावरच्या पेपर नॅपकिनने डोळे पुसले. "त्या दिवसापासून मी या देशाची झालो. तुमच्या बाटलीमुळं नाही, न् घागऱ्यामुळं नाही."

स्वाती वरमली होती. पण वरमलेलं माणूस कधी कधी जास्तच घट्ट धरतं. "आजी, तुमच्या भावना समजतात मला. पण प्रत्येक गोष्टीत हे आणायलाच हवं का? राजेंद्रभाऊंनी समजूतदारपणा दाखवून तो फोटोसुद्धा... म्हणजे बघा, मागच्या वेळी इथे होता. स्टेजवरही तसंच करूया. बुद्धा ठेवू. आंबेडकरांचा फोटो लग्नात जरा पॉलिटिकल वाटतो."

सिंधुबाईंनी भिंतीकडे पाहिलं आणि मग मुलाकडे. राजेंद्रचा हात कानाकडे गेला.

"काकू," मनाली म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "तुम्हाला बॅगपाइप पाहिजे, हॅगिस नको. बुद्ध पाहिजे, बाबासाहेब नको. मी पाहिजे, माझा आजी नको. मी बिस्किटाच्या डब्यावरची चित्र नाही आहे. बाहेर लोक मला बोलतात, सम्थिंग स्कॉटिश बोल ना. आणि मग विचारतात, बट व्हेअर आर यू रिअली फ्रॉम? तिकडे मी पुरी स्कॉटिश नाही, इकडे मी पुरी मराठी नाही. पण या टेबलवर मी पुरी आहे. लग्न होईल तर बाबासाहेब स्टेजवर, आणि हॅगिस टेबलवर. नको तर नको."

"मनाली!" राजेंद्र म्हणाला.

"आणि अवधूत," ती त्याच्याकडे वळली, "जो माणूस आतमध्ये जेवतो आणि तोंड पुसून बाहेर येतो, त्याच्याशी मला लग्न नाही करायचा."

पाहुणे उठले. स्वातीने कोट चढवला, पुरुषोत्तमांनी बाटली न्यावी की ठेवावी या पेचात ती दोनदा उचलून खाली ठेवली. अवधूतच्या ओठांवर काहीतरी होतं, पण ते दारापर्यंत पोचलं नाही. गाडीचं दार वाजलं.

राजेंद्र हॉलमध्ये तसाच उभा राहिला. "बोललीस ते बरोबर असेल," तो मुलीला म्हणाला, "पण एवढं तोडून? मी किती सांभाळून, किती जपून—"

"काय जपून, बाबा?"

राजेंद्रने भिंतीवरच्या उजळ चौकोनाकडे पाहिलं. तोंड पुसून बाहेर येणारा माणूस. ते वाक्य अवधूतला उद्देशून होतं, पण लागलं दोघांना. मटाराची पिशवी त्याने स्वतःच्या हाताने टाकली होती. आईची माय मेथीची जुडी टाकायची ती भीतीने, तिच्या गळ्याशी आलेलं होतं. त्याच्या गळ्याशी काय होतं? घर त्याचं, भिंत त्याची, देशही आता त्याचाच. तो जिना चढून वर गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. खाली आला तेव्हा फोटो छातीशी धरलेला होता. फ्रेम काही ढिली नव्हती.

"थोडा डावीकडे," सिंधुबाई म्हणाल्या. "हं, आता बरोबर."

तिकडे गाडीत पुरुषोत्तम म्हणत होते, "मी काय चुकीचं बोललो? विनोद होते ते." स्वाती खिडकीबाहेर बघत होती. तिला खाटकाच्या काचेपुढे रडणारी बाई दिसत होती, आणि तिच्या शेजारी, का कोण जाणे, ऑफिसातली ती उघडलेली खिडकी.

मिल्टन कीन्समध्ये पावलोपावली राउंडअबाउट, गाडीने गोल फिरायचे चौक. पहिल्यावर अवधूतने हॅरोचं वळण घेतलं नाही. गाडी पूर्ण फिरली, तेच वळण परत आलं, ते पुन्हा गेलं.

"अरे, आपला एक्झिट गेला."

"नाही गेला, आई." त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. "मी हॅगिस खातो. आजींच्या हातचं. तीन वर्षं खातोय. मला ते प्रचंड आवडतं. वासाने मळमळत नाही, भूक लागते. आणि मी हे मगाशी बोललो नाही, याची मला आयुष्यभर लाज वाटेल. मी परत चाललोय. तुम्हाला ट्रेनने जायचं असेल तर स्टेशनला सोडतो."

पुरुषोत्तमांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. एरवी या जागी त्यांना काहीतरी सुचलं असतं.

"स्टेशन नको," स्वाती म्हणाली. "पण मी खाणार नाही."

दार मनालीने उघडलं. ती बाजूला झाली नाही.

"मोठ्या टेबलवर बसणार?" तिने विचारलं.

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"आई मागेच उभी आहे. तिला सांगूनच आलोय."

मग ती बाजूला झाली. अवधूत कोणाशी न बोलता आत गेला, स्वतःच ताट घेतलं, हॅगिस वाढून घेतलं, भाकरी मोडली आणि भिंतीवरच्या दोन्ही फोटोंसमोरच्या खुर्चीत बसून खाऊ लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं. मसाला तिखट होता, असं पुढे तो सगळ्यांना सांगायचा. पुरुषोत्तम त्याच्या शेजारी बसले, थाळ्यातला बटाटा तेवढा चिमटीने उचलून तोंडात टाकला आणि विनोद केला नाही.

स्वाती दाराशी थांबली. कोट अंगावरच होता. इथे बसलं तर वास कोटाला लागणार, उद्या कामावर जाताना ट्रेनमध्ये सोबत येणार, हे तिला माहीत होतं. "स्टेजवरच्या फोटोचं मी अजून हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली.

"नका म्हणू," सिंधुबाई म्हणाल्या. "तो तुमच्या 'हो'वर लागत नाही."

स्वातीने मान वळवली, पण पाय आत टाकला. भावनाने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि भरीत, वरणभात वाढला. सिंधुबाई भाकरी घेऊन आल्या. ताटाच्या कडेला ती ठेवत त्या अगदी शांतपणे, पाहुण्यांशी बोलायच्या मराठीत म्हणाल्या, "सावकाश जेवा, स्वातीताई. या घरात कोणाला काही खायची जबरदस्ती नाही. फक्त आता इथं कोणाचं ताट झाकत नाहीत."